हार्लेमचा सूर, पाथर्डीची वरात

गेल्या वैशाखात पाथर्डीस एका लग्नाला जाण्याचा योग आला. नवरा मुलगा माझ्या चुलतभावाचा, म्हणजे आमच्या नानांचा, नातू. हल्ली आमच्या नगरकडे वरातीपुढे ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करून साऱ्या गावाच्या खिडक्यांची तावदाने हलविण्याची चाल पडली आहे. पण नानांनी हट्ट धरला होता. “वरात निघेल ती माणसांनी फुंकलेल्या वाद्यांवर निघेल, नाहीतर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही!” ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हट्ट, तो मोडणार कोण? शेवटी तालुका पालथा घालून एक जुनी बँडपार्टी मिळविण्यात आली. विटक्या तांबड्या कोटांतली दहा-बारा माणसे, दोन क्लॅरोनेटे, तीन ट्रंपेटे, एक पोचे पडलेला सॅक्सोफोन आणि मागे ढोल-ताशा.

वरात पेठेत वळली आणि बँडने ‘अलबेला’ चित्रपटातले एक गाणे धरले. क्लॅरोनेट दोन ओळी वाजवून थांबे आणि तिला उत्तर द्यावे तशी तिन्ही ट्रंपेटे एकदम उसळून उठत. तो पितळी फटकारा कानी पडताच आमचे नाना, ज्यांना एरवी जिना चढताना हात द्यावा लागतो ते नाना, काठी माझ्याकडे देऊन रस्त्याच्या मध्यभागी गेले. कोपरे दुमडली, खांदे हलकेच उडविले आणि भगवानदादांच्या त्या सुप्रसिद्ध संथ थाटात एकेक पाऊल टाकीत नाचू लागले. नवरा-नवरी बाजूला राहिली. सारी पेठ नानांकडे पाहू लागली.

गाणे संपल्यावर मी ट्रंपेटवाल्यास गाठले. साठीचा गृहस्थ, ओठांवर वाद्याचा कायमचा वळ.

“ही चाल कोणाची हो?”

“भगवानदादाची की, साहेब!”

“दादा पडद्यावर नाचले. चाल कोणी बांधली?”

“ती सी. रामचंद्रची म्हणत्यात.”

“आणि मघाशी तुम्ही तिघांनी जो फटकारा मारलात, तो कोणाचा?”

तो हसला. “त्यो गाण्यातच हाय. आमच्या वस्तादांनी असाच शिकविला, त्यांना त्यांच्या वस्तादांनी.”

‘तो गाण्यातच आहे.’ हे उत्तर माझ्या मनातून जाईना. लावणीत असा फटकारा नाही, भजनात नाही, नाट्यपदात नाही. मग आमच्या या बालाघाटाच्या कुशीतल्या कोरड्या मुलखात तो आला कोठून? या प्रश्नाचा पाठपुरावा करू लागलो आणि थेट न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात जाऊन पोहोचलो.

हार्लेमच्या रात्री

१९२० साली अमेरिकेत देशभर दारूबंदी झाली आणि दारू बंद होण्याऐवजी चोरवाटेने वाहू लागली. गुंडांच्या टोळ्यांनी दारूचे गुत्ते थाटले, त्या गुत्त्यांना झगमगाटाची नाचघरे जोडली आणि नाचघरांना वाद्यवृंद हवे म्हणून निग्रो वादकांना भराभर काम मिळाले. यांपैकी सर्वांत गाजलेले स्थळ म्हणजे हार्लेममधील ‘कॉटन क्लब’. त्याचा मालक ओनी मॅडन हा नामांकित गुंड. तेथे ४ डिसेंबर १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजू लागला आणि नभोवाणीने त्याची कीर्ती देशभर नेली. पण गंमत पाहा, किंवा गंमत कसली, क्रौर्यच ते! वादक काळे, नाचणाऱ्या पोरी सावळ्या, वाढपी काळे. श्रोते मात्र केवळ गोरे. एलिंग्टनच्या शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसाला त्याचे वादन ऐकण्यासाठी त्या दारातून आत जाण्याची परवानगी नव्हती.

त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर १९२६ साली ‘सॅव्हॉय’ नावाचे दुसरे नाचघर उघडले होते. तेथे काळा-गोरा भेद नव्हता. घरकाम करणाऱ्या बाया आणि कारकून पोरे आठवड्याची मजुरी खिशात घालून येत आणि चिक वेब या पाठीने अधू असलेल्या, पण ढोलावर वीज खेळविणाऱ्या वादकाच्या तालावर पहाटेपर्यंत नाचत.

या संगीतास पुढे ‘स्विंग’ हे नाव पडले. स्विंग म्हणजे झोका. नाव अगदी सार्थ आहे. चार मात्रांचा साधा ताल. पण मात्रा घड्याळाच्या टिकटिकीसारखी सरळ पडत नाही, जराशी रेंगाळते आणि मग पुढच्या मात्रेवर झेप घेते. आपल्या ढोलकीवाल्याने लावणीत लय मागे खेचून समेवर आणून टाकली की अंगाला जो हिसका बसतो, तो ज्याला ठाऊक आहे त्याला स्विंग समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट मांडणीची. बारा-पंधरा वादकांचे तीन जथे: ट्रंपेटांचा, ट्रॉम्बोनांचा आणि सॅक्सोफोन-क्लॅरोनेटांचा. त्यांच्या पाठीशी पियानो, गिटार, खर्जातले मोठे तंतुवाद्य आणि ढोल. एका जथ्याने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे. आणि मध्येच एकट्या वादकाने उठून मनसोक्त ताना घ्याव्यात. आपल्याकडे फडावर सवाल-जवाब रंगतात, गोंधळात मुख्य गोंधळ्याची ओळ झीलकरी उचलतात, त्याच जातीचा हा खेळ. फरक इतकाच की, येथे झीलकऱ्यांनी केव्हा, किती आणि कोणत्या स्वरांवर उठावे हे अगोदर कागदावर लिहिलेले असते. हे लिहिणारा तो ‘अरेंजर’. आपण त्याला स्वररचनाकार म्हणू. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा, कारण आपल्या कथेचा खरा नायक तोच आहे.

२१ ऑगस्ट १९३५ या रात्री लॉस एंजेलिसच्या ‘पालोमार’ नाचघरात बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरोनेटवादकाचा वाद्यवृंद वाजला आणि तरुण श्रोते बेभान झाले. स्विंगयुगाचा आरंभ इतिहासकार बहुधा या रात्रीपासून धरतात. गुडमन ‘स्विंगचा राजा’ ठरला. पण त्याच्या वादकांपुढल्या स्टँडवर जे कागद होते त्यांतले कितीतरी फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराने लिहिलेले होते. हेंडरसनचा स्वतःचा वाद्यवृंद पैशाअभावी डबघाईस आला होता, म्हणून त्याने आपल्या रचना विकल्या. गुडमन दिलदार माणूस. त्याने हे ऋण कधी लपविले नाही. तरी राजा म्हणून जगाने ओळखले ते गुडमनला. लिहिणारा मागे आणि वाजविणारा पुढे, ही रीत या संगीताच्या पाळण्यातच पडली होती.

अपोलो बंदरावरचे पाहुणे

आता योगायोग असा की, गुडमनने लॉस एंजेलिस डोक्यावर घेतले त्याच १९३५ सालच्या हिवाळ्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा निग्रो व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन युरोपातून दाखल झाला. मुंबईला पाश्चात्य नाचाचे वाद्यवृंद नवे नव्हते. केन मॅक या अँग्लो-इंडियन वादकाचा वाद्यवृंद त्याआधीपासून लोकप्रिय होता. पण अमेरिकेच्या काळ्या वादकांच्या तोंडून अस्सल जॅझ ऐकण्याचा शहराला हा पहिला मोठा प्रसंग. ॲबी पुढच्या हंगामातही आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा बुजुर्ग ट्रंपेटवादक ताजमध्ये वाद्यवृंद चालवू लागला. या मंडळींत एलिंग्टनच्या हाताखाली काम केलेला रूडी जॅक्सन होता आणि शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजविलेला, पुढे शांघाय गाजविलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड होता.

ही माणसे सातासमुद्रापलीकडे का आली? पैसा हे एक कारण, पण एकच नव्हे. स्वदेशी ज्या हॉटेलात वाजवायचे त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळेलच असे नव्हते. येथे तो अपमान वाट्यास येत नव्हता. आपल्या दृष्टीने मात्र चित्र विलक्षण होते. ताजच्या अगदी समोर रॉयल बॉम्बे यॉट क्लब. तेथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. आणि रस्ता ओलांडला की राजवाड्यासारख्या दिवाणखान्यात गुलामांचा नातू व्हायोलिनचा गज हलवी आणि गोरे साहेब, संस्थानिक व पारशी धनिक त्या गजाच्या इशाऱ्यावर पाय टाकीत!

ताजमधली रात्र आपल्या मध्यमवर्गीय पूर्वजांनी पाहिली असण्याचा संभव थोडाच. काळा डिनर-कोट अंगावर नसेल तर नाचाच्या फरशीकडे फिरकण्याची सोय नव्हती. गिरगावातल्या चाळीत त्याच वेळी बालगंधर्वांच्या तबकड्या वाजत होत्या आणि भावगीत नुकते कोठे बाळसे धरीत होते. अपोलो बंदर ते गिरगाव हे अंतर ट्रामने अर्ध्या तासाचेही नव्हते; पण दोन मुंबयांना एकमेकींचा पत्ता नव्हता. त्यांच्यामध्ये पूल बांधला तो गोव्याच्या माणसांनी.

वेदरफोर्डविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो. हा माणूस अमेरिकेस परतलाच नाही. मुंबई, कोलंबो असे करीत तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला. युद्धकाळात तेथे आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्याने घरची आठवण करून दिली आणि २५ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, कॉलऱ्याने त्याच शहरात देह ठेवला.

कागदावरचा सूर

पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात चर्चच्या शाळेत मुलाला अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीची ओळख होई. ‘मेस्त्री’, म्हणजे तेथला संगीतशिक्षक, हातात छडी घेऊन सा-रे-ग-म ऐवजी दो-रे-मी घोकून घेई. घरची शेती तुटपुंजी. तेव्हा वाजविता-वाचता येऊ लागलेला मुलगा मुंबईची वाट धरी. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या खोल्या असत. एका कोपऱ्यात ट्रंक, रात्री अंथरूण पसरण्यापुरती जागा, देवापुढे सामुदायिक प्रार्थना आणि नोकरी मिळेपर्यंत गावकऱ्यांचा आधार. कोणी आगबोटीवर, कोणी पोलीस बँडमध्ये, कोणी मूकपटाच्या पडद्यासमोरच्या खड्ड्यात वाजवीत बसे.

ताजमध्ये अमेरिकन आले तेव्हा या पोरांना गुरुगृहच मिळाले. बार्देशातील हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांपैकी एक. त्याने ट्रंपेट घेतले, आर्मस्ट्राँगच्या तबकड्या पाठ केल्या, त्याच्यासारखा घोगरा आवाज काढला, हातात त्याच्यासारखाच रुमाल धरला आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून तो प्रसिद्धीस आला. ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजे. आज त्या जागी ताजचा मनोरा उभा आहे. मिकी कोरिया हा दुसरा. १९३९ पासून वीस वर्षांहून अधिक काळ ताजचा वाद्यवृंद त्याच्या हाती होता. रूडी कॉटन हे इंग्रजी नाव धारण करणारा सॅक्सोफोनवादक प्रत्यक्षात कावसजी खटाव नावाचा पारशी होता. नाव साहेबी असले की बिदागी साहेबी मिळे, हे उघड गुपित होते.

आणखी एक फ्रँक फर्नांड. कुडचड्याचा हा ट्रंपेटवादक १९४६ साली मसुरीच्या हॉटेलात वाजवीत असता तेथे गांधीजी आले होते. त्यांच्या सान्निध्याने त्याच्या मनात विचार घोळू लागला, की आपण सारे आयुष्य दुसऱ्याच्या मुलखाचे संगीत वाजवितो, ते आपल्या मातीतले कसे करता येईल? साहेबाच्या नाचासाठी वाजविणाऱ्याला पडलेला हा प्रश्न साधा नव्हे. त्याचे उत्तर हॉटेलात मिळणार नव्हते. ते मिळाले परळ-दादर-अंधेरीच्या चित्रपटगृहांमागच्या स्टुडिओत.

पुणतांब्याचा चितळकर

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकास, गोदेच्या काठी, पुणतांबे हे गाव आहे. चांगदेवांचे स्थान म्हणून वारकऱ्यांस ठाऊक असलेले. या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. विनायकबुवा पटवर्धनांकडे रीतसर गाणे शिकलेला हा मुलगा नायक होण्याच्या आशेने चित्रपटात गेला. ते जमले नाही म्हणून मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागला. संगीतदिग्दर्शक म्हणून पहिली संधी मिळाली तीही तमिळ चित्रपटांत. पुढे गिरणीकामगाराचा मुलगा असलेल्या भगवान पालवांशी मैत्री झाली आणि ‘सी. रामचंद्र’ हे नाव मुंबईत रुजले.

अण्णांची (चित्रसृष्टीत त्यांना सारे अण्णाच म्हणत) बैठक रागदारीची. पण कान चौफेर. बेनी गुडमनच्या स्विंगने त्यांना भारून टाकले होते. चाल स्वतः पेटीवर बांधावी आणि ती बारा वाद्यांच्या तोंडी कशी शोभेल हे पाहण्यासाठी चिक चॉकलेटला हाताशी घ्यावे, असा बेत जमला. १९४७ च्या ‘शहनाई’तील रविवारच्या त्या खट्याळ गाण्याने एका बाजूने टाळ्या मिळविल्या, दुसऱ्या बाजूने शिव्या. शास्त्रीय संगीताची प्रतिष्ठा जपणाऱ्या मंडळींना हा थिल्लरपणा वाटला. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा हीच नाराजी सरकारी हुकमाच्या रूपाने बोलत होती. परिणाम? घरोघरी रेडिओची सुई सिलोनकडे वळली आणि बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागली की जेवणाची ताटे खोळंबू लागली. ते दिवस आठवणारे वाचक आजही पुष्कळ असतील.

याच सुमारास हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचे दिवस फिरले. इंग्रज गेला, संस्थाने विलीन झाली आणि १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. दैवाचा खेळ असा की, अमेरिकेत दारूबंदीने जॅझला नाचघर मिळवून दिले, तर मुंबईत दारूबंदीने त्याला नाचघरातून बाहेर काढले! लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वाद्यवृंद चालविणारा सेबॅस्टियन डिसोझा फाळणीमुळे मुंबईस आला आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा स्वररचनाकार झाला. रात्री उशिरापर्यंत ज्यांची फुंक नाचघरात चाले, ती माणसे आता सकाळी नऊ वाजता स्टुडिओच्या दारी उभी राहू लागली.

तेथे काम चाले ते असे. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. स्वररचनाकार ती रेघांवर उतरवून घेई. मग गाण्याआधीचा तुकडा, कडव्यांमधल्या जागा, गायिकेच्या ओळीमागे हळूच चालणारी सॅक्सोफोनची सावली, ट्रंपेटांचे उत्तर हे सारे तो प्रत्येक वाद्यासाठी निराळे लिहून काढी. सारंगीवाले, सतारवाले आपला भाग मुखोद्गत करीत. गोव्याचे वादक कागद समोर ठेवीत आणि पाहता पाहता वाजवीत. त्या काळी तुकडे जोडण्याची सोय नव्हती. सर्वांनी एकदम वाजवायचे, एकाने चूक केली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशी साऱ्या देशाची माणसे एका खोलीत श्वास रोखून एकाच मात्रेची वाट पाहात असत.

१९५१ साली ‘अलबेला’ आला. नायक भगवानदादा: बुटके, जाडसर, नायकाचे एकही लक्षण अंगी नसलेले, आणि शेजारी गीता बाली. त्यातील एका नाचगाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो वाद्यवृंद पडद्यावर दिसतो, तो चिक चॉकलेटचा स्वतःचा. ग्रीन्स हॉटेलात ज्याला पाहायला डिनर-कोट लागे तो माणूस आता साडेचार आण्यांच्या तिकिटात गिरणगावाला दिसू लागला. १९५७ च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डिका’ या गाण्यात तर एक कोकणी नकार दडला आहे. अण्णांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी तो घातला. उभा हिंदुस्थान ‘मला नको’ असे कोकणीत गात होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता!

मढीच्या यात्रेतला तंबू

आता पाथर्डीकडे परत येतो. तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तेथे यात्रा भरते. रंगपंचमीला तर डोंगरावर मुंगीला वाट नसते. तेथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध. नाना सांगतात ते त्यांच्याच शब्दांत देतो:

“मी बारा-तेरा वर्षांचा असेन. यात्रेत एका बाजूला तमाशाचे फड, दुसऱ्या बाजूला सिनेमाचा तंबू. यंत्र मोटारीवर ठेवलेलं. मध्ये कापड लावून इकडे बाया, तिकडे बाप्ये. खाली नुसती माती. ‘अलबेला’ लागला होता. पहिल्यांदा ती तुतारी वाजली तेव्हा मला वाटलं, तंबूबाहेर लग्न चाललंय. मग कळलं, ती पडद्यातून वाजतेय. बाप्ये उठून नाचायला लागले, पलीकडून बायांनी हसत पदर तोंडाला लावले. मी त्या रात्री आठ मैल चालत घरी आलो ते तीच तुतारी तोंडानं वाजवीत. वडिलांनी उंबऱ्यातच चोपलं. पण तुतारी काही गेली नाही.”

तंबूतले गाणे लगोलग लग्नाच्या बँडने उचलले. त्या वादकांपैकी बहुतेकांनी ना स्वरलिपी पाहिली, ना ताजमहाल हॉटेल. तबकडी पुन्हा पुन्हा ऐकायची, क्लॅरोनेटवाल्याने गायिकेची ओळ घ्यायची, ट्रंपेटवाल्यांनी मागचे फटकारे घ्यायचे आणि ताशाने ढोलाचा झोका धरायचा. हार्लेममध्ये तीन जथ्यांत जी विभागणी होती ती पाथर्डीच्या बँडपार्टीत जशीच्या तशी उतरली. कोणी न शिकविता. काळ्या माणसाने रचिले, हळदोण्याच्या माणसाने ऐकून आत्मसात केले, पुणतांब्याच्या माणसाने त्याला आपली चाल दिली आणि आमच्या पेठेतल्या माणसाने ते वरातीत वाजविले. या साखळीतली एकही कडी दुसरीला भेटली असेल तर ती शेजारची. पलीकडची कोणाला दिसलीच नाही.

नाव कोणाचे?

चित्रपटाच्या सुरुवातीस श्रेयनामावली दाखवितात. नट, निर्माता, कवी, संगीतदिग्दर्शक, फार झाले तर साहाय्यक. जो चाळीस वादकांसाठी प्रत्येक स्वर लिहून काढी त्याचे नाव पुष्कळदा नसे. जे चाळीस जण वाजवीत त्यांचे कधीच नसे. तबकडीच्या गोल कागदावर तर जागाच नव्हती. चिक चॉकलेटला ‘नादान’सारख्या एक-दोन चित्रपटांत स्वतंत्र संगीतदिग्दर्शन मिळाले, पण तेवढेच. १९६७ साली तो वारला. फ्रँक फर्नांडने स्वतः पैसा उभारून १९६३ साली ‘आमचें नशीब’ आणि १९६६ साली ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. मसुरीत पडलेल्या प्रश्नाचे त्याने आपल्या परीने दिलेले ते उत्तर होते.

अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण तर सर्वांत बोलके. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य स्वरमेळ यांचा संगम हा त्यांचा ध्यास. पुढे १९७७ साली शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचे नाव घातले आणि ते नाव पोराटोरांच्या तोंडी झाले. पण ते एका जित्याजागत्या माणसाचे नाव आहे, हे किती जणांस ठाऊक होते? नाव सर्वांस माहीत आणि माणूस कोणासच नाही, असा हा अजब प्रकार! २०१२ साली ते निवर्तले.

१९८० नंतर हळूहळू एकच विजेचे यंत्र चाळीस वाद्यांचे आवाज काढू लागले आणि स्टुडिओ ओस पडले. ज्यांची फुंक गेली, ते गोव्यास परतले; काहींनी शिकवण्या धरल्या. अलीकडे मात्र या माणसांची नोंद झाली, हे समाधान. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ लिहिला आणि पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी २०११ साली मुंबईच्या जॅझयुगाची कहाणी लिहून काढली. नसता आमच्या ट्रंपेटवाल्याच्या ‘त्यो गाण्यातच हाय’ या उत्तरापलीकडे आपण कोणीच गेलो नसतो.

आणि जे स्टुडिओत घडले तेच आता आमच्या पेठेत घडते आहे. एका मोटारीवर यंत्र चढविले की दहा-बारा माणसांची मजुरी वाचते. मी त्या बँडवाल्यास विचारले, “पोरं शिकतात का?” तो म्हणाला, “कशाला शिकतील, साहेब? वर्षात दहा लग्नं मिळत न्हाईत. पोरगा ऊस तोडायला जातो.” ट्रंपेट त्याने पुसून फडक्यात गुंडाळले. सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यामुळेच ऐकणे जड गेले.

वरात दारी आली. नव्या सुनेने माप ओलांडले. वाड्यात पंगत मांडली होती; बँडवाले रीतीप्रमाणे बाहेर ओट्यावर वाढण्याची वाट पाहात बसले होते. नाना उठले आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आले, पाहुण्यांच्या ओळीत बसविले. मग आहेराची वही लिहिणाऱ्या पोराला हाक मारली.

“लिही रे, यांची नावं लिही.”

पोरगा गोंधळला. “पण नाना, यांचा आहेर?”

“कानानं ऐकलास ना मघाशी? तोच. लिही.”

मग एकेकाने आपले नाव सांगितले. दुसरा क्लॅरोनेटवाला सांगायलाच तयार होईना. “बँडचं नाव गाडीवर हाय की,” म्हणाला. नानांनी त्याला सोडले नाही. पोराने मान खाली घालून बारा नावे लिहिली, गावासह. ती वही मी दुसऱ्या दिवशी चाळून पाहिली. मामाचे भांडे, आत्याची साडी, सोसायटीच्या चेअरमनचे पाकीट. आणि त्याखाली बारा माणसे, रकमेच्या रकान्यात एकेक आडवी रेघ.